फ्रीगंजातला समुद्र

ग्लास उजेडाकडे धरायचा, एक डोळा बारीक करायचा, मनगट हलकंसं फिरवायचं, मग हुंगायचं. एवढं सगळं झालं की मग काका पाणी प्यायचे. स्वतःच्या घरी असो की लोकांच्या, बारशाला असो की तेराव्याला. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले होते. मुलीने ट्रे पुढे केला, काकांनी ग्लास उचलला आणि ट्यूबलाइटकडे धरला. मुलीच्या आईचा चेहरा पार उतरला. काका म्हणाले, "मुलगी छानच आहे. वरची टाकी मात्र या रविवारी धुऊन घ्या."

लग्न जमलं. टाकीही धुतली गेली म्हणे.

अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. आपण त्यांची टिंगल करतो आणि पोट बिघडलं की त्यांच्याच दारात जाऊन उभे राहतो. आमचे काका नात्याचे नव्हेत, शेजारचे; माधव नगरात आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे आणि शहराच्या पाण्याच्या सरकारी लॅबमध्ये केमिस्ट होते. त्यांचे वडील नोकरीपायी साताऱ्याकडून इकडे उज्जैनला आले आणि इथलेच होऊन गेले. काका मराठी बोलता बोलता हिंदीत शिरायचे, परत यायचे, त्यांचं त्यांनाही कळायचं नाही. आमच्या घरी तेच, त्यामुळे कुणाला काही वाटायचं नाही.

लोकांना त्यांची एकच गोष्ट झोंबायची, ती म्हणजे त्यांचा सावकाशपणा. नळाला गढूळ पाणी आलं आणि अख्खी गल्ली बादल्या घेऊन ओट्याशी जमली, तरी हे बाटली तीनदा विसळणार, नमुना भरणार, वर चिठ्ठी डकवणार. कुणीतरी वैतागून म्हणायचं, "अरे साहब, पीने लायक है कि नहीं, इतना तो बता दो!" काका मान वर न करता म्हणायचे, "जल्दी आपको है. पानी को नहीं है."

आणि उन्हाळ्यात कावीळ सुरू झाली की हाच माणूस सायंकाळी स्कूटर काढून घरोघर फिरायचा. पाणी उकळा, गाळा, तांब्याच्या भांड्यात ठेवा. इतक्या वर्षांत इतक्या उंबरठ्यांवर हे सांगितलं होतं की ते त्यांच्या जिभेवरच बसलं होतं.

मी तेव्हा फ्रीगंजात, टावर चौकाजवळच्या एका नव्या हॉटेलात रिसेप्शनवर होते. बाजार खुला झाला, बाजार खुला झाला, असं रोज पेपरात यायचं ते दिवस. आमचे शेठजी सोयाबीनच्या तेलात वर आलेले. सिंगापूरला जाऊन आले आणि म्हणाले, "लॉबी में समुंदर चाहिए." आता उज्जैनपासून समुद्र किती लांब, तुम्हीच सांगा! पण शेठजींच्या मनात आलं म्हणजे आलं. मुंबईहून माणूस आला, सहा फुटांची काचेची टाकी आली, पोत्यांतून समुद्राचं मीठ आलं, आणि थर्माकोलच्या खोक्यांतून, पाणी भरलेल्या पिशव्यांत, जिवंत प्रवाळं आली.

अहो, काय दिसायची ती! जांभळी, पोपटी, मऊ बोटं हलवणारी. मला आधी वाटलं फुलं आहेत. मग मुंबईच्या माणसाने सांगितलं, प्राणी आहेत हे, दगड धरून बसतात. बायका काचेला नाक लावून विचारायच्या, "ये वोई मूंगा है क्या, अंगूठी वाला?" मी म्हणायची, "हां जी, उसी का मौसेरा भाई."

टाकीची जबाबदारी मांगीलालजींकडे दिली. चाळिशीचा माणूस, लॉबीची झाडपूस करायचा, हात एकदम स्थिर. स्वयंपाकघरामागच्या एका खोलीत बायको, दोन मुली आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले वडील, असा त्यांचा संसार. खोली हॉटेलची. नोकरी गेली की खोलीही गेली, हे त्यांनाही ठाऊक आणि शेठजींनाही. टाकीवर या माणसाचा भारी जीव. एका जांभळ्या प्रवाळाला ते "रानी" म्हणायचे आणि सकाळी आल्या आल्या विचारायचे, "काईं रानी, खुली कि नी?"

मुंबईवाला जाताना एक गोष्ट बजावून गेला. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. त्यामुळे जेवढं पाणी आटेल तेवढं रोज वरून घालायचं, आणि तेही बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी, नळाचं नाही. आता उज्जैनचा एप्रिल. एसी लावला तरी हवा कोरडी ठणठणीत. रोज पाच-सहा लिटर पाणी उडायचं. आम्ही बॅटरीच्या दुकानातून कॅन मागवायचो, पण उन्हात पडून त्या कॅनना वास यायला लागला.

एका सकाळी कामावर निघताना मी काकांच्या ओट्याशी थांबले. ते पेपर वाचत होते. म्हटलं, "काका, आमच्या समुद्राचं वरचं पाणी कशात साठवू हो? प्लास्टिकला वास येतोय."

"तांब्याच्या हंड्यात ठेव," काका म्हणाले. पान उलटलं. "त्याच्याइतकं चोख भांडं नाही."

झालं. मी आईचा हंडा काढला, चिंच-मीठ लावून असा घासला की तोंड दिसावं, आणि रिक्षात घालून हॉटेलात नेला. टाकीमागच्या कोनाड्यात ठेवला. कॅन आला की त्यात ओतायचा, आणि सकाळी मांगीलालजींनी लोट्याने त्यातलं पाणी टाकीत घालायचं. मला फार भारी वाटलं होतं तेव्हा. आपण प्लास्टिकच्या जागी तांबं आणलं, म्हणजे केवढं पुण्याचं काम!

मे महिन्यात टाकी बिघडली.

आधी काचेवर फिरणाऱ्या गोगलगायी गळून पडल्या. दोन आज, तीन उद्या. मग लाल पट्ट्यांची कोळंबी एका सकाळी आडवी दिसली. मग प्रवाळं मिटायला लागली. रानी दिवसभर मूठ आवळल्यासारखी बसून राहायची. जी कडक प्रवाळं होती त्यांच्या अंगावरची साल सुटून खालचा पांढरा सांगाडा दिसायला लागला. मांगीलालजी मेलेल्या गोगलगायी तळहातावर घेऊन उभे राहायचे.

सोमवारी शेठजी टाकीसमोर उभे राहिले. बाजूलाच फरशी पुसायची बादली होती, फिनाइलचा वास सुटलेला. त्यांनी बादलीकडे बघितलं, टाकीकडे बघितलं, आणि निकाल लावून मोकळे झाले.

"फिनाइल वाला हाथ डाला है तूने."

"नी शेठजी, बच्चियों की कसम."

"शनिवार तक सच बोल दे. नहीं तो कमरा खाली कर."

मी मध्ये पडले. म्हटलं, पाणी तपासून तरी बघू, माझ्या शेजारी केमिस्ट राहतात. शेठजींना काका माहीत होतेच. देवास रोडवर त्यांचा बाटलीबंद पाण्याचा कारखाना उभा राहत होता आणि काका चार महिन्यांनी रिटायर झाले की तिथे केमिस्ट म्हणून जाणार, हे दोघांत ठरलेलं होतं. काकूंनी त्यासाठी नवा पांढरा कोटसुद्धा शिवून घेतला होता. रिकामं बसायची काकांना फार भीती वाटायची. शेठजी म्हणाले, "बुलाओ. लेकिन मुझे कारण चाहिए. कारण नहीं मिला, तो कारण ये है," आणि मांगीलालजींकडे बोट दाखवलं.

मंगळवारी काका आले. पेटी उघडली, बाटल्या मांडल्या. बाटली तीनदा विसळणं आलंच. थर्मामीटर टाकला : ठीक. काचेची तरंगती नळी सोडून खारटपणा बघितला : ठीक. मासे घाण करतात त्याचं विष साठलंय का, म्हणून थेंब टाकून बघितले : नाही. मांगीलालजी प्रत्येक वेळी काकांच्या चेहऱ्याकडे बघायचे. काका प्रत्येक वेळी म्हणायचे, "ये नहीं है," आणि मांगीलालजींच्या कपाळावरचा घाम वाढत जायचा. मला तर ओरडावंसं वाटत होतं, अहो काका, जरा लवकर!

मग त्यांनी एक बरणी मागितली. टाकीचं पाणी घेतलं, त्यात फिनाइलचा एक थेंब टाकला. पाणी दुधासारखं पांढरं झालं, वासही सुटला. काका शेठजींना म्हणाले, "फिनाइल से पहले मछली मरती. आपकी मछलियाँ तो मजे में हैं."

खरंच, मासे तुरुतुरु फिरत होते. ते कसे वाचले हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता.

"तो फिर किससे मरे?" शेठजींनी विचारलं.

"मालूम नहीं. अभी."

"शनिवार," शेठजी म्हणाले आणि निघून गेले.

बुधवारी काकांनी नमुने लॅबमध्ये नेऊन तपासले. पाण्याची आम्ल सोसायची ताकद थोडी कमी झाली होती, चुना थोडा कमी होता. काका म्हणाले, "यानं प्रवाळ वाढणार नाही. पण यानं गोगलगाय मरत नाही." दुपारी आम्ही दोघं चौकातल्या एसटीडी बूथवर गेलो, मुंबईच्या माणसाला फोन लावायला. काका काचेच्या दारामागे, मी बाहेर उन्हात. लाइन खराब होती, त्यामुळे काका जोरजोरात ओरडत होते आणि सगळ्या चौकाला ऐकू जात होतं.

"मछलियाँ ठीक हैं... हां... घोंघे मर गये... झींगा मर गया... क्या? दवाई? कौन सी दवाई? ... तांबा?"

मी बूथच्या काचेकडे पाठ केली.

काका बाहेर आले, रुमालाने मान पुसली. "शुभे, माशांच्या रोगावरचं औषध कुणी घातलं होतं का गं? त्यात तांबं असतं म्हणे. माशांना चालतं, पण प्रवाळ, गोगलगाय, कोळंबी यांना चिमूटभरही सोसत नाही."

"नाही काका. औषध आणलंच नाही कुणी."

"मग तांबं आलं कुठून? पंपात असेल. वायर उघडी पडली असेल. बघायला पाहिजे."

त्यांना आठवत नव्हतं. कसं आठवणार? पन्नास जणांना सांगितलेलं वाक्य, तेही पेपर वाचता वाचता. आणि मी? तो हंडा माझ्या अगदी ओठांवर आला होता. नुसतं "काका, हंडा" म्हणायचं होतं, दोन शब्द. मी ते गिळले. नोकरी लागून वर्ष झालं नव्हतं, शेठजींचं तोंड आठवलं, आणि मनात आलं की काकांचं काय होईल, त्यांनीच तर सांगितलं होतं. खरं सांगते, काकांची काळजी मी नंतर जोडली. आधी माझीच होती.

गुरुवारी मी डोकं दुखतं म्हणून घरी राहिले.

शुक्रवारी सकाळी हॉटेलवर पोचले तर मागच्या अंगणात खाट, पत्र्याची पेटी, दोन घमेली आणि गुंडाळलेल्या गाद्या. चौकीदार खोलीतून सामान काढत होता. शेवटचं मोठं प्रवाळ पहाटे सोलून निघालं होतं आणि शेठजींचा धीर शनिवारपर्यंत टिकला नव्हता. मांगीलालजींचे वडील डोळ्यावरची हिरवी पट्टी सावरत पेटीवर बसले होते. ऊन वर चढत होतं. मुली शाळेच्या फ्रॉकमध्ये भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि मोठी धाकटीला सांगत होती की आपण मामाकडे चाललोय.

मांगीलालजी मला बघून म्हणाले, "दीदी, म्हने कईं नी करयो." मी काही केलं नाही, एवढंच. मी मान खाली घालून लॉबीत गेले. मला माझी इतकी लाज आजवर कधी वाटली नाही, ना आधी, ना नंतर.

तेवढ्यात काका आले. हातात लाकडी स्टँड, त्यात तीन काचनळ्या. शेठजींच्या केबिनमध्ये गेले आणि मला म्हणाले, "तूही ये." मांगीलालजींना स्वतः जाऊन बोलावून आणलं. ते दाराशी उभे राहिले, अंगावर गमछा, हात जोडलेले.

काकांनी स्टँड टेबलावर ठेवला. पहिल्या नळीतलं पाणी स्वच्छ होतं. दुसऱ्यात फिकट पिवळसर झाक. तिसरी चहासारखी तपकिरी.

"इसमें एक केमिकल डाला है," काका म्हणाले. "तांबा हो तो रंग आता है. पहली में दुकान के कॅन का पानी है. कुछ नहीं. दूसरी में टंकी का. थोड़ा है, पर आपके मूंगे के लिए बहुत है. तीसरी में वो पानी है जो रोज ऊपर से डलता है."

"कॅन में नहीं है, तो इसमें कहाँ से आया?"

"हंडे से. तांबे का हंडा है. डिस्टिल्ड पानी भूखा होता है, बर्तन को खाता है. नल का पानी इतना नहीं खाता. ऊपर से हंडा इमली से रगड़ा हुआ, नंगा तांबा."

शेठजी खुर्चीत पुढे सरकले. "हंडा किसने रखा?"

मांगीलालजींनी माझ्याकडे बघितलं आणि पटकन नजर फिरवली. हंडा कुणी आणला ते त्यांना माहीत होतं की! पहिल्यापासून माहीत होतं त्यांना की हंडा दीदींचा आहे. पण त्यात विष असेल हे त्यांच्या मनाला शिवलं नव्हतं, आणि आता समजल्यावरही ते नाव घेत नव्हते. मीही घेत नव्हते.

"मैंने रखवाया," काका म्हणाले.

"आपने?"

"इसने मुझसे पूछा था, पानी किसमें रखूँ. मैंने कहा तांबे में रखो. सोचा भी नहीं कि पीना किसे है. तीस साल से सबको यही कहता आया हूँ. इसने मेरी बात मानी. मांगीलाल ने वही डाला जो हमने हाथ में दिया."

शेठजींनी एकेका नळीकडे बघितलं. मग हसले, आणि ते हसणं वाईट होतं. "वाह. और आप मेरे प्लांट का पानी पास करने वाले थे. पूरे शहर को बोतल में क्या पिलाते, साहब?"

काकांचा चेहरा लालबुंद झाला. आम्ही सगळ्यांनी ज्यांना भिऊन टाक्या धुतल्या, ते काका टेबलाची कड धरून उभे होते. मी म्हटलं, आता बोलतील काहीतरी. तांबं माणसाला चालतं, प्रवाळाला नाही, एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. त्यांनी नाही सांगितलं.

"आप सही कह रहे हैं," ते म्हणाले. "प्लांट के लिए दूसरा आदमी देख लीजिए. पर इसका सामान अभी अंदर रखवाइए. बूढ़ा आदमी धूप में बैठा है, आँख का ऑपरेशन हुआ है उसका."

शेठजींनी नळ्यांकडे पुन्हा एकदा बघितलं आणि हात झटकला. चौकीदाराला हाक मारली. सामान आत गेलं.

मी काकांच्या मागे स्कूटरपर्यंत गेले. ते किल्ली शोधत होते, या खिशात, त्या खिशात. म्हटलं, "काका, मला परवाच कळलं होतं. बूथवर."

"ठाऊक आहे मला. काल तुझं डोकं दुखत होतं ना? आणि दुपारभर गच्चीवर कुरडया घालत होतीस."

मला रडू फुटलं. "मग मला ओरडला का नाहीत? सांगितलं का नाही त्यांना?"

"कुठल्या तोंडाने ओरडू गं?" काका स्कूटरच्या सीटवर टेकले. "काल मी इथे आलो. मांगीलालला म्हटलं, वरचं पाणी दाखव. त्याने मागे नेलं आणि हंडा दाखवला. बघितल्याबरोबर सगळं आठवलं मला. ओटा, पेपर, तू, सगळं. तेव्हाच केबिनमध्ये जायचं होतं. मी काय म्हटलं? म्हटलं, आधी टेस्ट करतो, उद्या सांगतो. टेस्ट कशाला हवी होती? हंडा समोर होता. कोट डोळ्यांसमोर आला शुभे, तो नवा कोट. मला एक दिवस हवा होता." ते पुन्हा खिसे चाचपायला लागले. "काल बोललो असतो तर आज त्या म्हाताऱ्याला पेटीवर बसायला लागलं नसतं."

किल्ली सापडली होती. पण त्यांनी स्कूटर सुरू केली नाही. अंगण ओलांडून ते मांगीलालजींच्या खोलीशी गेले. मी लांबूनच बघितलं. काका काहीतरी बोलत होते, मान खाली होती. मांगीलालजी घाबरून त्यांचे दोन्ही हात धरत होते, नाही नाही अशी मान हलवत होते. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवसापासून काका सकाळी सहाला हॉटेलात हजर. शेठजींनी लॉबीत दिसू नका म्हणून निरोप पाठवला होता, तर हे स्वयंपाकघराच्या दाराने यायचे. पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून मांगीलालजींबरोबर बादल्या उचलायचे. थोडं थोडं पाणी बदलायचं, एकदम नाही. कोळशाच्या पुरचुंड्या पाण्याच्या वाटेत ठेवायच्या, म्हणजे तांबं शोषलं जाईल. खडे काढून धुवायचे. रोज नळीत थेंब टाकायचे आणि पिवळा रंग कमी झाला का बघायचं. आचारी हसायचे, म्हणायचे, साहब को नई नौकरी लगी. साठीला आलेला माणूस, कंबर धरून बसायचा, चहा प्यायचा, परत उठायचा.

पावसाळ्यापर्यंत चाललं हे. बहुतेक प्रवाळं गेली ती गेलीच. रानी तेवढी वाचली. जुलैतल्या एका सकाळी तिने दोन-तीन बोटं बाहेर काढली आणि मांगीलालजी काकांना काचेपाशी ओढत घेऊन आले, लॉबीत, सगळ्यांसमोर. शेठजी काउंटरवरच होते. बघून न बघितल्यासारखं केलं. त्यांच्याही मनात काय होतं, कोण जाणे.

काका रिटायर झाले आणि घरी बसले. नव्या कोटाचं काकूंनी मिक्सरला कव्हर शिवलं, उरलेल्या कापडाच्या दोन पिशव्या केल्या. कावीळ आली की काका अजूनही स्कूटर काढायचे. फक्त आता लोकांनी काही विचारलं की एकदम उत्तर द्यायचे नाहीत. आधी विचारायचे, "किसके लिए चाहिए?" लोक वैतागायचे. म्हणायचे, आधीच हे सावकाश, त्यात आता चौकशा.

माझं त्यांच्याकडे जाणंयेणं तसंच राहिलं. सणाला पुरणपोळी, आजारपणात खिचडी. त्या मे महिन्याचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मीही काढला नाही, आणि मला ते सोयीचं होतं.

सात-आठ वर्षांनी काका गेले. बसल्या जागी, ओट्यावर. हॉटेल तोवर विकलं गेलं होतं, टाकीच्या जागी कुणीतरी मिठाईचा काउंटर लावला होता. तेराव्याला गर्दी मोठी होती. ज्यांच्या ज्यांच्या टाक्यांना काकांनी नावं ठेवली होती ते सगळे आले होते.

पंगती उठल्यावर मी उष्टी पत्रावळ टाकायला मागच्या दाराशी गेले, तर तिथे मांगीलालजी. पायरीवर बसलेले, केस पांढरे झालेले. ते आता दुसऱ्या एका हॉटेलात होते. मोठ्या मुलीचं लग्न झालं, धाकटी नर्सिंगला आहे, असं सगळं सांगितलं. मग म्हणाले,

"दीदी, एक बात पूछूँ? आप तो उनके घर जैसी थीं. उस दिन बाबूजी कोठरी पे आये थे, सामान अंदर रखवाने के बाद. मेरे आगे हाथ जोड़ लिये. बोले, मांगीलाल, मैंने तेरा एक दिन दबा के रखा, माफ कर दे. मैंने कहा, बाबूजी, पाप मत चढ़ाओ, आपने तो मेरी रोटी बचाई. पर वो माने नी. जब तक मैंने 'माफ किया' नी कहा, तब तक गये नी." त्यांनी गमछ्याने डोळे पुसले. "कह तो दिया मैंने. पर आज तक समझ नी पड़ी, दीदी. कौन सा दिन?"

आतून काकू कुणाला तरी हाक मारत होत्या. माझ्या हातात पत्रावळ तशीच होती. वाटलं, सांगावं की मलाही ठाऊक नाही. सवय होतीच मला.

पत्रावळ खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"बताती हूँ, मांगीलालजी," मी म्हटलं. "बाबूजी का एक दिन था. मेरे दो थे."